राखण्याचे ठोके

दुपारचे पावणेतीन झाले असतील. जुईच्या गादीनं त्या दिवशीची सातवी थरथर दिली.

ईश्वरी पाळण्याशेजारी मांडी घालून लंगोटांच्या घड्या घालत होती. हातातला लंगोट तसाच टाकून ती पाळण्यावर वाकली. जुईनं ओठ मुडपले, नाकाचा शेंडा आक्रसला, एक मोठा श्वास आत ओढला आणि काही झालंच नाही अशी पुन्हा झोपून गेली. भिंतीवरचा पिवळा ठिपका हिरवा झाला. ईश्वरीनं वही जवळ घेतली. 'दोन शेहेचाळीस. एकदाच. लगेच सावरली.' वरच्या सहा ओळी तिनं पुन्हा वाचून काढल्या. वाचून त्यातलं काही कमी होणार नव्हतं, तरी.

जुई अडीच महिने आधीच या जगात आली होती. अशा घाईनं आलेल्या मुलांचा एक जीवघेणा विसराळूपणा असतो. झोपेत ती श्वास घ्यायचंच विसरतात. पूर्वी अशा बाळांना महिनोन्‌महिने दवाखान्यात ठेवून घ्यायचे. जुई नागपूरला एक्कावन्न दिवस काचेच्या पेटीत राहिली, आणि मग एका काळ्या डब्यासह चंद्रपूरला घरी आली.

डब्याचं कागदावरचं नाव 'गृह-श्वासप्रहरी' असं लांबलचक होतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव राखण्या ठेवलं. शेतात पाखरं हाकायला मचाणावर बसतो तो राखण्या. गादीखाली एक पातळ चटई, वर एक कॅमेरा, दोन बारीक माइक, भिंतीवर रंगीत ठिपका नि निरोप दाखवणारी पाटी, आणि या सगळ्यांच्या तारा ज्यात शिरतात तो डबा. डब्यात होतं एक ग्राफिक्स कार्ड, एकेकाळी खेळांमधली चित्रं रंगवायला बनवलं गेलेलं. चार दिवसांत त्यानं जुईच्या श्वासाची सगळी चाल शिकून घेतली होती. श्वास थांबण्याच्या दहा सेकंद आधीच त्याला तसा अंदाज येई. मग गादी हळूच थरथरे आणि जुईला आठवण होई. त्यानंही भागलं नाही तर शिटी वाजायची. शिटी आजवर एकदाही वाजली नव्हती. लहान मुलांच्या अंगाची कुठलीही नोंद घराबाहेर जाऊ द्यायची नाही, तारेतूनही नाही आणि हवेतूनही नाही, असा कायदा झाल्यापासून हे सगळं गणित ज्याच्या-त्याच्या घरातच चालायचं.

दवाखान्याचा नियम साधा होता. दिवसात बारापेक्षा जास्त थरथरी झाल्या, की बाळ परत काचेच्या पेटीत.

तीन आठवड्यांपूर्वी दिवसाला दोन व्हायच्या. मग चार. मग सात. काल दहा झाल्या होत्या. चार झाल्या तेव्हाच ईश्वरीनं कंपनीला फोन केला होता, आणि पलीकडचा मुलगा अगदी अदबीनं म्हणाला होता, "मॅडम, आपण पहारा एक पायरी वाढवू या. आता दुसरी आहे, तिसरी देतो. मग कार्ड क्षणभरही सुस्तावणार नाही." तिनं लगेच हो म्हटलं होतं. पोरीसाठी पहारा वाढवायला कुठली आई नको म्हणेल?

बाहेर दाराची बेल वाजली, आणि पाठोपाठ समीक्षाचा आवाज आला. "आई, पाणी दे आधी. माठातलं. सत्तेचाळीस दाखवून राहिलं ना बाहेर!"

समीक्षा म्हणजे ईश्वरीची धाकटी नणंद. नागपूरला चित्रपटांच्या एका स्टुडिओत हलत्या चित्रांना प्रकाश-सावल्या देण्याचं काम करायची. दवाखान्यात काचेच्या पेटीपाशी आईबापांखेरीज कुणाला सोडत नसत, म्हणून भाचीला तिनं आजवर फक्त पडद्यावर पाहिलं होतं. हातपाय धुऊन, कपडे बदलून ती पावलं न वाजवता खोलीत आली, आणि पाळण्याकडे न जाता उंबऱ्याच्या आतच थबकली. मांजरासारखं नाक वर करून तिनं वास घेतला.

"वहिनी, इथं कार्ड तापून राहिलं काय?"

"तापतं थोडं. चालूच असतं ना ते."

"थोडं? आमच्या हॉलमध्ये एसी बंद पडला ना, की पाच मिनिटांत हाच वास येते. गरम धुळीचा." ती डब्याकडे वळली आणि तिला हसू आवरेना. "हे काय? याला फ्रॉक कोणी घातला?"

राखण्याला खरोखरच फ्रॉक होता. जुन्या पडद्याच्या कापडाचा, खाली पांढरी लेस लावलेला. फ्रिजला, मिक्सरला, शिलाई मशीनला होता तसाच. पंख्यापुरती जागा तेवढी ईश्वरीनं भांडून कापून घेतली होती.

"धूळ बसते त्याच्यावर," सासूबाई दारातून म्हणाल्या. "एवढं महागाचं यंत्र. तुले काय करायचं आहे?"

"आई, अगं श्वास कोंडला त्याचा! लेकराचा श्वास राखून राहिला बिचारा, अन् तू त्यालेच गुंडाळून ठेवलं."

फ्रॉक निघाला. समीक्षानं डब्याच्या मागच्या जाळीशी हात धरला आणि चटकन ओढून घेतला. पुढची पंधरा-वीस मिनिटं दोघी नणंद-भावजया जुईच्या दोन्ही बाजूंना बसून कुजबुजत राहिल्या. कार्डाच्या तापमानाचा आकडा खाली आला, बारा अंशांनी. पण खिडकीशेजारच्या तापमापकात काटा होता तिथंच होता. चौतीस.

"चंद्रपूरच्या मे महिन्यात चौतीस म्हणजे गारच की," ईश्वरी म्हणाली. रोज ती तापमापक पाहायची आणि रोज हेच स्वतःला सांगायची.

समीक्षा उठली. तापमापक खिळ्यावरून काढून शेजारच्या, तिच्या जुन्या खोलीत घेऊन गेली. तीही खोली सकाळपासून बंदच होती. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"तीस."

ईश्वरी बघत राहिली. तिनं बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलं होतं, दोन वर्षं शिकवणीत मुलांना उष्णतेचं प्रकरण शिकवलं होतं. चार अंश कुठून आले, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्याला इतके दिवस दिसलं कसं नाही, एवढंच तिला कळेना.

"पण फ्रॉक काढला ना आपण?"

"फ्रॉक काढल्यानं कार्ड गार झालं. खोली कशी होईल? तो जेवढी वीज खाते, तेवढी सगळी शेवटी उष्णताच होऊन बाहेर येते. आधी आत कोंडत होती, आता मोकळी सुटून राहिली." समीक्षानं पिशवीतून एक छोटा मापक काढला, राखण्याचा प्लग त्यात खोचला. राखण्याची आतली बॅटरी तेवढ्यापुरती बोलली, 'टिक', आणि गप्प झाली. मापकावर आकडा आला. एकशे अठरा वॉट. "आणि आत्ता हा काहीच करून नाही राहिला, बरं का. जुई शांत झोपली आहे. ही याची रिकामी वीज आहे. नुसतं तयारीत बसण्याची."

"एकशे अठरा? बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॉट उष्णता निघते," ईश्वरी हळूच म्हणाली.

"मग समज. एक माणूस चोवीस तास या बंद खोलीत, पाळण्याला टेकून बसला आहे. अन् पोरीनं जरा वेगळा श्वास घेतला, की तो उठून धावायला लागते. मग दोनशे, अडीचशे."

दुपारी तीनला खोली तापायची. खोली तापली, की जुईचा श्वास उथळ व्हायचा, चुकायचा. श्वास चुकला, की राखण्या जास्त निरखून पाहायचा. जास्त पाहायचा म्हणून जास्त तापायचा. ईश्वरीनं वही उलगडली. थरथरींच्या वेळा तिनं स्वतःच्या हातानं लिहिल्या होत्या. दोन ते पाचच्या मधे त्यांची नुसती दाटी झाली होती. आणि ज्या दिवशी तिसरी पायरी घेतली, त्या दिवसापासून आकडा उडी मारून वर गेला होता. त्या दिवशी तिनं वहीत कौतुकानं लिहिलंही होतं, 'आजपासून पहारा वाढवला.'

तिनं वही मिटून मांडीखाली ठेवली.

"दार उघडून टाकू," ती म्हणाली.

दार उघडलं. हॉलमधल्या कूलरची घरघर आत आली, गार ओलसर वाराही आला. पाच मिनिटांत भिंतीवर ठिपका पिवळा झाला. 'आवाज जास्त. श्वास ऐकू येत नाही.' सासूबाईंनीही लगोलग दार लोटलं. "वारा लावता काय सातमाशी लेकराला? डॉक्टरीणबाईनंही दार बंद ठेवायलेच सांगितलं होतं, विसरली?" एवढ्या एका गोष्टीत सासूबाई आणि कंपनीचं पुस्तक यांचं पहिल्यापासून एकमत होतं. दुपारी बारा ते पाच घरांत एसी लावायला सरकारची बंदी होती. नाही तर सगळ्या जिल्ह्याची वीज बसायची. डबा दुसऱ्या खोलीत हलवावा, तर तार दीड मीटरची, दोन्ही टोकांना सील.

ईश्वरीनं नागपूरला डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "अशा मुलांना उष्णता सोसत नाही, श्वास बिघडतो. खोली गार ठेवायलाच हवी. मात्र यंत्राचं मला सांगता येणार नाही. ते कंपनीला विचारा. सोमवारी येताच आहात. आकडा असाच राहिला, तर दाखल करून घेऊ." कंपनीचा तोच अदबशीर मुलगा म्हणाला, "मॅडम, खोलीचं आम्हाला सांगता येणार नाही, ते डॉक्टरांना विचारा. तुम्हाला काळजी वाटत असेल तर चौथी पायरी सुरू करून देऊ का?"

"नको," ईश्वरी म्हणाली आणि फोन ठेवला.

समीक्षा गालाला हात लावून बसली होती. "एक उपाय आहे. याचे ठोके कमी करू."

"म्हणजे?"

"कार्डाच्या आत एक ठोका असते. घड्याळासारखा, पण सेकंदाला अब्जावधी. दर ठोक्याला ते एक पाऊल टाकते. काम असलं तर इतक्या वेगाचा फायदा. पण काम नसताना? सिग्नलला गाडी उभी आहे, अन् तू रेस पिळून धरली आहेस, तसं चाललं हे. ठोके उतरवले, की आतला दाबही उतरवता येते, अन् वीज धपकन खाली येते. आम्ही स्टुडिओत सुट्टीच्या दिवशी सगळ्यांची अशीच उतरवून ठेवतो. काम आलं, की ती आपली आपण वेग घेतात."

"आणि वेग घ्यायला वेळ किती लागतो?"

समीक्षानं डब्याकडे पाहिलं. "आमच्या कामात लागला तरी काही बिघडत नाही," ती म्हणाली.

ईश्वरीनं जुईकडे पाहिलं. टोपऱ्याखाली केस घामानं चिकटले होते. पोट वर-खाली होत होतं, घाईघाईनं. त्या एक्कावन्न दिवसांत काचेला नाक लावून तिनं हेच पोट मोजलं होतं. काचेला असलेल्या दोन गोल भोकांतून दिवसातून दोनदा हात आत घालू द्यायचे, तेही हातमोजे घालून. परत तिकडे? आणि ठोके उतरवले, नि नेमक्या त्याच क्षणी राखण्या उठायच्या आत...

"आधी मोजायचं," ती म्हणाली. "किती उशीर होतो ते कळल्याशिवाय मी हात लावू देणार नाही."

"मोजशील कसं? पोरीचा श्वास थांबायची वाट पाहायची काय?"

"तिचा कशाला? माझा आहे ना."

पाच वाजून एसी लावता यायला अजून तासभर होता. ईश्वरीनं जुईला उचलून सासूबाईंच्या मांडीवर दिलं, पाळण्यातली गादी खालच्या चटईसकट जमिनीवर पसरली आणि तिच्यावर गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर आडवी झाली. कॅमेरा तिच्याकडे वळवला. सासूबाईंचे डोळे मोठे झाले.

"काय व ईश्वरी! काय नाटक लावलं हे? एवढी घोडी बाई लेकराच्या गादीवर!"

"आई, हसवू नकोस तिला. श्वास धरायचा आहे."

ईश्वरीनं श्वास धरला. समीक्षा फोनवर सेकंद पाहत होती. मोठ्या माणसाच्या अंगाची राखण्याला ओळख नव्हती, त्यामुळे आधी अंदाज येणं शक्य नव्हतं. पण श्वास थांबला हे त्याला कळायलाच हवं होतं. सहा सेकंदांनी गादी थरथरली, बरगड्यांखाली कुणी बोटं फिरवावीत तशी. ईश्वरीला पहिल्यांदाच कळलं, जुईला काय जाणवतं ते. ते भीतीदायक मुळीच नव्हतं.

मग समीक्षानं फोन राखण्याला जोडला आणि ठोके उतरवायला घेतले. पडद्यावर आधी एक पाटी आली. 'ठरवून दिलेली पायरी बदलत आहात. यापुढची जबाबदारी पालकांची. मान्य?' समीक्षानं पडदा वहिनीसमोर धरला. प्रणय, ईश्वरीचा नवरा, राजस्थानात सौरपट्ट्यांच्या कामावर होता. त्याला फोन लावावा असं तिला वाटलं, मग वाटलं, तो म्हणणार, तुला ठीक वाटतं ते कर. तिनं बोट टेकवलं. 'मान्य.'

सत्तर वॉट. श्वास धरला. सहा सेकंद आणि वर जेमतेम काही. एकेचाळीस वॉट. तेवढंच. एकोणीस वॉट, आणि डब्यातला पंखा सावकाश फिरत-फिरत थांबला. डबा आल्यापासून त्या खोलीत इतकी शांतता कधी झाली नव्हती. कूलरची घरघर बंद दारापलीकडून ऐकू आली, आणि अगदी जवळून, सासूबाईंच्या मांडीवरून, एक बारीक आवाज. आत, बाहेर. आत, बाहेर. जुईचा श्वास असा नुसत्या कानांनी ऐकू येतो, हे ईश्वरीला ठाऊकच नव्हतं.

पण गादी थरथरायला यावेळी आठ सेकंद लागले.

"नाही. एवढं खाली नाही," ती म्हणाली. "थोडं वर घे."

एकतीस वॉट. सहा सेकंद आणि वर पाऊण. तिनं मनात गणित केलं. राखण्याला दहा सेकंद आधी कळतं. त्यातलं एक जाईल, नऊ उरतील. जुईला आठवण व्हायला आजवर चारपेक्षा जास्त कधीच लागले नव्हते. वहीत होतं ना सगळं.

"अजून दोनदा पाहू. खात्री करून घेऊ," ती म्हणाली, आणि डोळे मिटून श्वास धरायच्या तयारीत पडून राहिली.

समीक्षा सेकंद मोजायला बसली. दहा झाले, वीस झाले. ठिपका हिरवाच. तिनं वाकून पाहिलं, तर वहिनीचा श्वास धरलेला नव्हताच. तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली, आणि श्वास असा लांब, संथ, की राखण्यालाही त्यात काही शंका घेण्यासारखं सापडेना.

"आई," समीक्षा कुजबुजली, "ही झोपली."

"झोपू दे," सासूबाई म्हणाल्या. "चार महिन्यांत धड झोपली नाही पोरगी. तू बोलू नको आता."

ईश्वरी जागी झाली तेव्हा खिडकीचा उजेड पिवळा झाला होता. क्षणभर तिला काहीच कळेना. मग पाळणा रिकामा दिसला आणि ती धडपडत उठून बसली.

"इथं आहे," सासूबाई भिंतीला टेकून होत्या तशाच होत्या. जुई त्यांच्या मांडीवर, आणि त्यांचं एक बोट तिच्या नाकाखाली, केसभर अंतरावर धरलेलं. "दोन तास झाले. बोट आखडलं माझं. पण एकदा नाही विसरली."

"दोन तास तुम्ही अशाच बसलात?"

"मग काय झालं? प्रणयही आठव्यातलाच. तेव्हा कुठं होता राखण्या?"

हे ईश्वरीला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं. ती सासूबाईंच्या बोटाकडे बघत राहिली. मग तापमापकाकडे पाहिलं. एकतीस.

त्या रात्रीपासून राखण्या एकतीस वॉटांवर बसला. दुसऱ्या दिवशी चार थरथरी झाल्या. तिसऱ्या दिवशी तीन. ईश्वरी पहिले दोन दिवस पाळण्याजवळून उठलीच नाही. पिवळा ठिपका दिसला, की मनात मोजायची, आणि प्रत्येक वेळी तिचा आकडा संपायच्या आत गादी थरथरलेली असायची. रविवारी एकच झाली, तीही सकाळी, दूध ओकल्यावर. सोमवारी डॉक्टरांनी आकडे पाहिले, जुईला उलटंसुलटं तपासलं आणि म्हणाल्या, "घरीच ठेवा. काय केलंत?" ईश्वरीनं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. लिहिताना त्या दोनदा थांबल्या. निघताना मिळालेल्या कागदावर खाली छापून आलं होतं, 'पहारा पालकांच्या जबाबदारीवर.'

परतीच्या वाटेवर, गाडीत, जुई मांडीवर झोपलेली असताना तिनं फोन उघडला. तिच्यासारख्या आयांचा एक गट होता. त्याला कुणीतरी गमतीनं 'घाईची मंडळी' असं नाव दिलं होतं. चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, वरोरा, सगळीकडच्या मिळून दोनशेवर. तिथं एरवी दुधाच्या नि वजनाच्या गोष्टी चालायच्या. ईश्वरीनं लिहिलं, 'आज दुपारी तीन वाजता बाळाच्या खोलीचं तापमान पाहा. मग शेजारच्या बंद खोलीचं. दोन्ही इथं लिहा. कोणती पायरी तेही.'

घरी पोचेपर्यंत उत्तरं येऊ लागली होती. चौतीस, तीस, तिसरी पायरी. पस्तीस, एकतीस, तिसरी. बत्तीस, तीस, दुसरी. पस्तीस, तीस, चौथी. समीक्षा तिच्या खांद्यावरून वाचत होती. कंपनीला हे माहीत नसेल का? की त्यांच्या टेबलावरही एखादी वही असेल, कुणीही न उघडलेली? 'थरथरी वाढल्या' असा फोन आला, की 'पहारा वाढवा' म्हणायचं. मग थरथरी वाढतात. मग पुन्हा फोन येतो.

ईश्वरीनं सगळं लिहून काढलं. खोली, वीज, ठोके, स्वतःवर केलेली मोजणी. उशीर किती होतो तेही तिनं लपवलं नाही. शेवटी लिहिलं, 'हे मी माझ्या मुलीसाठी केलं.'

दहा मिनिटांनी बल्लारपूरच्या मयूरीचा निरोप आला. तिचा मुलगा दोन महिन्यांचा. ईश्वरीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. 'आज अकरा झाल्या. अजून चारच वाजले आहेत. कंपनी म्हणते चौथी पायरी घ्या. माझा भाऊ ठोके उतरवून देतो म्हणतो. उतरवू का? तू सांगशील ते करते.'

ईश्वरीनं लिहिलं, 'उतरव.' ते पाठवलं नाही. जुईला आठवण व्हायला चार सेकंद लागतात, हे तिला वहीवरून ठाऊक होतं. मयूरीच्या मुलाला किती लागतात? त्याला नऊ पुरतील? की त्याला दहाच्या दहा लागत असतील? तिनं शब्द खोडला. 'नको,' असं लिहिलं. तेही खोडलं, कारण आज अकरा झाल्या होत्या आणि चौथी पायरी लागली तर उद्या किती होतील हे तिला स्पष्ट दिसत होतं. स्वतःच्या पोरीसाठी 'मान्य'वर बोट टेकवलं तेव्हाही ती घाबरली होती. पण तेव्हा निदान पोर तिच्या डोळ्यांसमोर होती.

"काय विचारून राहिली ती?" सासूबाईंनी विचारलं. ईश्वरीनं वाचून दाखवलं.

सासूबाईंनी जुईला तिच्या हातातून काढून घेतलं, आपल्या खांद्यावर टाकलं. "बल्लारपूर काय लांब आहे? अर्धा तास. मोजायचं मापक घेऊन जा, अन् समीक्षालेही ने. तिच्या घरी तिच्या लेकरापाशी बसून मोज. इथं मी आहो ना."

चार महिन्यांत ईश्वरी जुईला सोडून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा गेली नव्हती. तिनं सासूबाईंच्या खांद्यावरच्या त्या इवल्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलत होती. एक, दोन, तीन. मग तिनं मयूरीला लिहिलं, 'आज पायरी वाढवू नकोस, उतरवूही नकोस. तोवर खोली तेवढी गार ठेव. खिडकीला ओली चादर लाव. डॉक्टरांना आत्ताच फोन कर, आणि अकरा झाल्या हे सांग. बाळाजवळून उठू नकोस. मी तासाभरात येते. मोजल्याशिवाय काही ठरवायचं नाही.'

चपला घालून ती दारात उभी राहिली, तेवढ्यात हातातला फोन पुन्हा किणकिणला. तिचा निरोप चुकून सगळ्यांना गेला होता. त्याच्याखाली वरोऱ्याच्या कुणा अनोळखी बाईनं लिहिलं होतं, 'आमच्याकडे कधी येशील?' त्याच्याखाली भद्रावतीची एक. त्याच्याखाली आणखी एक. समीक्षा खाली गाडी काढत होती. ईश्वरी उंबऱ्यावर उभी राहून पाहत होती, आणि पडद्यावर एकाखाली एक तोच प्रश्न येत होता. आमच्याकडे? आमच्याकडे कधी?